दसऱ्याला लावलेलं कुंकू

हे मी सुहासलाही सांगितलेलं नाही—नवऱ्यालाच नाही, तर आणखी कुणाला सांगणार? पाच वर्षं झाली. आता लपवण्याचाही कंटाळा आलाय.

सुहास बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेल्या जुन्या कार्डांचे संच जमवतो. महागडे नाहीत—कोपरे झिजलेली, मधोमध घडी पडलेली, मागे कुणीतरी पेननं नाव लिहिलेली कार्डं. परवडतील अशी. त्याच्या जन्मवर्षी निघालेला संच पुरा करायला त्याला चार वर्षं लागली. शेवटचं कार्ड आणायला तो तीन तास ड्राइव्ह करून गेला. सगळ्या संचात तेवढं एकच कोरं करकरीत. तेव्हा त्याच्या आई नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत, शुगर लँडला आलेल्या होत्या.

दसरा आला. पूजेत त्याचा कॅल्क्युलेटर, माझी पुस्तकं आणि—मला वाटलं, त्याला आवडेल—तो संचही मीच मांडला. सगळ्यात वर ते नवं कार्ड. कागदावर कुंकू लावायचं नाही, नुसतं फूल वाहायचं, हे आईंनी बजावलं होतं. त्या आंघोळीला गेल्या आणि मी—ओल्या बोटानं लावलं. खेळाडूच्या टोपीखाली, कपाळावर. कशी विसरले? पुसायला गेले, तर ते गालापर्यंत पसरलं.

"कुणी केलं हे?" सुहासनं विचारलं.

"आईंनी लावलं असेल," मी म्हणाले.

कुणाला शंका येणार? नव्या टोस्टरलाही कुंकू लावणारी बाई. "आई, अगं, हा काय देव आहे का?" तो हसत म्हणाला, पण कार्ड उचलताना त्याचा चेहरा—असो.

दुपारी स्वयंपाकघरात आई हळूच म्हणाल्या, "मला आठवत कसं नाही गं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? मी म्हणाले, "होतं असं, आई, या वयात."

त्यानंतर आमटीत मीठ घातलं का, हे त्या मला दोन-दोनदा विचारू लागल्या. स्टोव्ह बंद केला की मला बघायला बोलवायच्या. मी जायची, बघायची, "हो, बंद आहे" म्हणायची. त्यांना सगळं नीट आठवत होतं—हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

परवा नागपूरहून जाऊबाईंचं पत्र आलं. आईंनी देवपूजा त्यांच्याकडे सोपवलीय. म्हणतात, माझा आता भरवसा नाही.

मी लगेच उत्तर पाठवलं—बरं झालं, त्यांना आता आराम करू द्या.