मिनिटकाकू

काकूंना एक मिनिट गप्प बसता येत नसे, आणि अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमधल्या झाडून सगळ्या मराठी माणसांना वर्षातून एकदा एक मिनिट गप्प उभं करायचं काम नेमकं त्यांनीच अंगावर घेतलं होतं. दुकानात कोथिंबीर निवडताना त्या कोथिंबिरीशी बोलायच्या. गाडी चालवताना हातवारे करायच्या, तेव्हा शेजारी बसलेली मी सीटबेल्ट दोन्ही हातांनी धरून बसायचे. काउंटरवरच्या मुलीला तिच्या आजीच्या गुडघ्यांची चौकशी करून झाल्याशिवाय पैसे द्यायच्या नाहीत. युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं मिनिटकाकू. तोंडावरही तसंच म्हणत. काकू म्हणायच्या, "म्हणा रे. तासकाकू म्हणाला असतात तर तेही शोभलं असतं."

आमचे हे इथल्या एका हॉटेलात आचारी होते. त्यांच्यामागून मी बार्शीहून आले ती दोन हजार एकच्या उन्हाळ्यात. नववीतून शाळा सुटलेली. इथे जो भेटेल तो पहिल्या वाक्यात विचारणार, "तुम्ही काय करता?" आणि दुसऱ्यात, "शिक्षण कुठे झालं?" मी घाबरून हॉटेलच्या भटारखान्यातच बसून राही, कांदे चिरत. एका रविवारी काकू जेवायला आल्या. बुफेतल्या पंजाबी डाळीशेजारी ह्यांनी हौसेनं माझी आमटी ठेवली होती. काकूंनी वाटी तोंडाला लावली आणि थेट आत आल्या. "गोडा मसाला कुणाचा? तुझा? मग अशी चोरासारखी काय बसलीयेस?" त्या दिवसापासून काकूंच्या ओळखीनं मला पुरणपोळीच्या, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मिळू लागल्या. आज माझं जे काही बरं चाललंय त्याची सुरुवात त्या एका वाटीपासून आहे.

मग तो सप्टेंबर आला. टीव्हीवर न्यूयॉर्कचे ते मनोरे पुन्हा पुन्हा कोसळत होते आणि मला इंग्रजी कळत नव्हतं. कळायला इंग्रजी लागतही नव्हतं. चारच दिवसांनी मी रस्त्यानं चालले असताना एका पिकअपमधून कुणीतरी काहीतरी ओरडलं. शब्द समजले नाहीत, सूर समजला. मी टिकली लावायची सोडली. ह्यांनी गाडीला दोन्ही बाजूंनी अमेरिकेचे झेंडे लावले. तेव्हा सगळ्यांच्याच गाड्यांना, दारांना, दुकानांना झेंडे होते. आपले लोक तर जरा जास्तच मोठे लावत. काकूंनी आमची गाडी पाहिली आणि विचारलं, "हा झेंडा दुःखाचा आहे का भीतीचा?"

हे म्हणाले, "खरं सांगू काकू? भीतीचाच."

"असू दे, असू दे. लाव. पण भीती गेली की काढू नकोस म्हणजे झालं."

मला ते पटलं नव्हतं. मी त्यांना एकदा गाडीत विचारलंच, "काकू, ते आपल्याला परके समजतात. ओरडतात. मग आपण कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?"

काकू चक्क थोडा वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून गाडी चालवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचे काका गेले तेव्हा जानेवारी होता. इथे सगळे मिळून मराठी तीन घरं. मी घरात एकटी, मुलगा कॉलेजात दूर. दुपारी दार वाजलं. गल्लीतली माणसं. एरवी नुसता हात हलवणारी, नावंसुद्धा माहीत नव्हती मला. दाराशी आमच्या चपला दिसल्या म्हणून सगळ्यांनी बूट काढले, आणि आत जागा पुरेना तर उरलेले बाहेर पोर्चवर उभे राहिले. नुसत्या मोज्यांवर, गं! त्या थंडीत! कुणी बोललं नाही काही. काय बोलणार? आमच्यात काय म्हणतात तेच ठाऊक नव्हतं त्यांना. नुसते उभे राहिले." मग वळण घेताना म्हणाल्या, "एक जण ओरडला ते लक्षात ठेवायचं आणि हे विसरायचं, हे मला नाही जमत बाई."

पुढच्या वर्षी गणपती नेमके मनोरे पडले त्याच आठवड्यात आले. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका दिवसाचा, शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन. त्याच्या मीटिंगसाठी काकूंच्या बेसमेंटमध्ये सगळे जमले होते, मी वर चहा करत होते. काकू म्हणाल्या, "कार्यक्रमात त्या गेलेल्यांसाठी एक मिनिट उभं राहायचं." पूजा सांगणारे पाध्येकाका एकदम ताठ झाले. "मंगल कार्यात शोक? बाप्पासमोर? अशुभ आहे हे, काकू." दोघा-चौघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, संपलं.

काकू म्हणाल्या, "पाध्ये, मूर्ती गाडीतून हॉलमध्ये आणता तेव्हा तोंडावर रुमाल असतो ना? प्रतिष्ठापनेच्या वेळी काढता ना तो?"

"हो. मग?"

"मग रुमाल आहे तोवर बाप्पा आलेत कुठे? तेवढ्यात आपण उभे राहून घेऊ. नंतर काढा रुमाल आणि करा तुमचं मंगल कार्य."

बेसमेंट हसून दणाणलं. पाध्येकाकासुद्धा हसले आणि म्हणाले, "ह्यांच्यापुढे शास्त्राचं काही चालायचं नाही." तशी ती प्रथाच पडली. मूर्ती चौरंगावर, तोंडावर लाल रेशमी रुमाल, आणि सगळा हॉल उभा. पहिल्या वर्षी हुंदके ऐकू आले होते. एरवी पोरांची केवढी धावपळ, पण त्या मिनिटात मुलंही आईचा पदर धरून गप्प. आणि मग रुमाल निघायचा, झांजा वाजायच्या. रडलेल्या डोळ्यांनी आरती म्हणताना कसं वाटतं, ते मला तिथे कळलं.

काकू मिनिटभर डोळे मिटत नसत. कोण चुळबुळतंय ते बघत. नंतर जेवणाच्या रांगेत एकेकाला गाठत. "फोन तुझा वाजला ना रे? गेलेल्यांनी उचलायचा का?" नव्या आलेल्या एका मुलीनं त्यांना हळूच विचारलं होतं, "काकू, तुमचं कुणी होतं का तिथे?" काकू म्हणाल्या, "माझं कुणी असतं तर मी घरात बसून रडले असते. हॉलमध्ये कशाला आले असते? ज्यांचं कुणी नव्हतं त्यांनीच उभं राहायचं असतं."

वर्षं गेली. आमच्या गाडीचे झेंडे उन्हानं फिकट झाले, काठाला विरले, आणि एक दिवस गाडी धुताना ह्यांनी ते काढून ठेवले. काकूंच्या लगेच लक्षात आलं. "भीती गेली वाटतं," एवढंच म्हणाल्या. हे शरमले. पण आम्हीच कशाला, रस्त्यावरचेही झेंडे आता कमी झाले होते. मंडळात नवी माणसं आली. पुण्याची, नागपूरची, भराभर प्रमोशन घेणारी. त्यांनी तो सप्टेंबर भारतातल्या टीव्हीवर पाहिला होता. मिनिट सुरू झालं की मागच्या रांगेत कुजबुज ऐकू येई, "काय चाललंय यार?" "काही नाही, मिनिटकाकू." आणि दबलेलं हसू. मला कानात गरम तेल पडल्यासारखं होई. काकूंना ऐकू गेलं का, ते मी कधी विचारलं नाही.

त्या नव्यांतला निखिल मंडळाचा अध्यक्ष झाला तेव्हा तो काकूंकडे स्वतः आला. चांगला मुलगा. अजिबात उर्मट नाही. "काकू, आता ऑफिसमध्येसुद्धा कुणी काही करत नाही. अमेरिकन लोकच मूव्ह ऑन झालेत. आपणच किती वर्षं?"

"होऊ देत की. मी कुणाला अडवते? एक मिनिट उभे राहा, मग जा पुढे."

तो हसला, आणि त्या वर्षी मिनिट झालं.

दोन हजार आठच्या सुरुवातीला काकू घर विकून मुलाकडे क्युपर्टिनोला निघाल्या. जिना उतरवेना. मी खोकी भरायला गेले होते. एरवी भांड्याभांड्याची गोष्ट सांगितली असती, पण त्या दिवशी मध्येच थांबून म्हणाल्या, "सुनंदे, ते मिनिट आता जाईल बघ. कुणी मुद्दाम नाही काढणार. नुसतं राहून जाईल." मी म्हटलं, "नाही काकू, असं कसं?" "तू बोलशील? तुला तर माइक बघून घाम फुटतो." मी खोक्याला चिकटपट्टी लावत राहिले. त्यांनीच माझ्या पाठीवर थाप मारली. "असू दे गं. पुऱ्या चांगल्या करतेस."

जूनमध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

त्या वर्षीचे गणपती काकूंवाचून. मंडळानं भारतातून मोठी फायबरची मूर्ती आणली होती, आणि हॉल आदल्या संध्याकाळपासून मिळाल्यामुळे निखिल आणि मंडळींनी ती रात्रीच सजवून ठेवली होती. मी सकाळी श्रीखंडाचे डबे घेऊन पोचले तेव्हा बाप्पा दिव्यांच्या माळांत लख्ख बसलेले. रुमाल नाही. रुमाल काढण्याआधीची ती वेळच उरली नव्हती. मी निखिलला गाठलं.

"त्या गेलेल्यांसाठीचं मिनिट?"

"वहिनी, यंदा काकूंसाठी एक मिनिट ठेवलंय ना. दोन-दोन कसं करणार? चारला हॉल सोडायचाय. एकातच सगळं धरा."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी परत हॉलमागच्या भटारखान्यात आले. काकूंसाठी उभं राहायचं आणि काकू ज्यांच्यासाठी उभ्या राहायच्या त्यांना त्यातच कोंबायचं, हे मनाला पटेना. पण मी नववी नापासच्याही अलीकडची बाई. माइकवर जाऊन काय सांगणार होते?

निखिलनं माइकवर काकूंबद्दल चांगले शब्द सांगितले. "आपल्या लाडक्या मिनिटकाकू..." सगळे उभे राहिले. मी पुऱ्यांचा झारा हातात घेऊन दारात उभी. काकूंचा आवाज आठवत होता, त्यांच्या गाडीचा तो धडकी भरवणारा प्रवास आठवत होता. मिनिट संपलं. "धन्यवाद. बसून घ्या," निखिल म्हणाला. खुर्च्या करकरल्या.

मी भटारखान्यात परत गेले नाही. पुढे होऊन हॉलमध्ये आले आणि तशीच उभी राहिले. अंगाला दरदरून घाम. लोक बघू लागले. कुणीतरी म्हणालं, "ताई, झालं. बसा." मी फक्त मान हलवली, नाही म्हणून. त्या गेलेल्यांचं मिनिट अजून व्हायचं होतं.

पहिल्या रांगेत पाध्येकाका खुर्चीच्या हाताला धरून पुन्हा उठले. त्यांच्यामागे त्यांची बायको उठली. मग त्या कोपऱ्यातली ती मुलगी, जिनं काकूंना एकदा 'तुमचं कुणी होतं का तिथे' असं विचारलं होतं. आता तिच्या कडेवर बाळ होतं. इकडेतिकडे आणखी काही जण. फार नाहीत. बसलेलेच पुष्कळ होते.

निखिलनं पुढची घोषणा करायला माइक तोंडाशी नेला. आमच्याकडे पाहिलं. आणि माइक खाली घेऊन तोही आमच्यासारखाच उभा राहिला.