पगाराच्या चिठ्ठीवरची उचल

माझ्या चुका आणि वाकडं अक्षर कुणी पाहिलंच तर माफ करावं. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात येतो तो महिन्यातून एकदा, पगाराच्या सहीला. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी लिहिताना लाज वाटते.

परंड्याकडच्या एका डेअरीत मी दुधाचे कॅन धुते. आम्ही नऊजणी आहोत. पगाराच्या दिवशी क्लार्क एकेकीला बोलवायचा, छापील चिठ्ठी पुढं सरकवायचा, बोट ठेवील तिथं सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि चिठ्ठी परत ओढून फाइलला लावायचा. पैसे आपले, कागद डेअरीचा, असंच आम्ही समजून होतो. पगार कमी का, विचारलं तर म्हणायचा, ‘पीएफ वाढलाय.’

एकदा मी सही केली आणि बाहेर दुधाची गाडी लागली. हाका सुरू झाल्या आणि गडबडीत चिठ्ठी पैशांबरोबर माझ्या पिशवीत आली. घरी वाचली. हजर दिवस सव्वीस, बरोबर. दिवसाचा दर बरोबर. पीएफ तेवढाच, जुनाच. त्याखाली लिहिलं होतं: उचल कपात सहाशे, हप्ता पाचवा.

मी उचल घेतलीच नव्हती.

मला नवऱ्याचाच संशय आला. आम्ही ऊसतोडीला जायचो तेव्हा दोघांच्या नावावरची उचल तोच मुकादमाकडून आगाऊ आणायचा, मला न विचारता. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “तोंड शिवलंय का गं?”

मी चिठ्ठी पुढं टाकली.

त्यानं वाचली. “भवानीआईची आण, म्या एक रुपाया न्हाय घेतला.” थोडं थांबून म्हणाला, “पर जाऊ दे. काम गेलं तर लोकाच्या रानात खुरपत बसशील.”

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

सकाळी कॅनच्या हौदाशी क्लार्क आला. “बाई, चिठ्ठी कुठंय? उद्या आणली न्हाय तर परवापासून येऊ नका.”

शेजारी कॅन घासणारी मावशी आमच्यात सगळ्यांत जुनी. ती पुटपुटली, “देऊन टाक बया. सहाशेपायी भाकर घालवतीस व्हय?”

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन मी क्लार्ककडं न जाता डेअरीच्या साहेबांच्या दारात उभी राहिले. चिठ्ठीची घडी उलगडू लागले. तेवढ्यात मागून क्लार्क आला. “साहेब, ह्या बाईनं ऑफिसचा कागद चोरलाय.”

चोर म्हटल्यावर माझा आवाज निघाला. “उचलीचं रजिस्टर दावा साहेब.”

रजिस्टर आलं. माझ्या नावापुढं तीन हजार आणि निळा अंगठा.

“म्या अंगठा करीत न्हाय. सही करते. चिठ्ठीवर बघा.”

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी धरले. क्लार्क म्हणाला, “त्या दिवशी बाईंचे हात ओले होते, म्हणून अंगठा घेतला.”

माझ्यामागं येऊन दारात थांबलेली मावशी म्हणाली, “आगं बया! ओल्या हातानं सही व्हत न्हाय, अन् अंगठा बरा उठतोय?”

साहेब हसले नाहीत. हळूच म्हणाले, “हजेरी, दर, जादा काम, कपात कशाची आणि हातात किती, हे सगळं चिठ्ठीवर असतं. आणि चिठ्ठी कामगाराजवळच राहायची असते.” मग क्लार्ककडं वळून म्हणाले, “ह्यांचे पैसे तुझ्या पगारातून.”

त्याच दिवशी सगळ्यांच्या जुन्या चिठ्ठ्या फाइलमधून निघाल्या. आणखी दोघींच्या नावावर अशाच उचली सापडल्या.

माझे पैसे तीन महिन्यांत हजार-हजारानं द्यायचं ठरलं. क्लार्कला तिथंच ठेवलं होतं, नुसतं पगाराचं टेबल काढून घेतलं. रोज हौदापाशी येऊन तो माझ्याकडं बघत उभा राहायचा. माझ्या हातातला ब्रश थांबायचा. दुसऱ्या महिन्यात हजार आलेच नाहीत. मी विचारलं नाही, मला विचारवलं नाही. मावशीनं जाऊन साहेबांना विचारलं.

तिसऱ्या महिन्याच्या चिठ्ठीवर छापून आलं: चुकीची उचल कपात परत, दोन हजार. मी पगाराच्या खिडकीपाशीच उभी राहून नोटा दोनदा मोजल्या. आधीचे हजार धरून तीन हजार पूर्ण झाले.