पगडीचं दुसरं टोक

मी मूळची कराडची. तोंडाने फटकळ आणि हाताने चित्रकार, दोन्हींचा घरच्यांना सारखाच ताप. नवऱ्याची केंद्र सरकारी नोकरी. बदलीची ऑर्डर आली चंदीगडची, आणि तीही अशा वर्षी की पंजाबातल्या मेलेल्या माणसांचा आकडा रोज पहिल्या पानावर यायचा. माहेरच्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. मुलीला इथेच ठेवून जा म्हणाले. मी कसली ठेवतेय.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक, वीज खात्यातून निवृत्त झालेले सरदारजी. बायको वारलेली, एकुलता एक मुलगा दिल्लीत मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरीला. सगळा सेक्टर त्यांना दारजी म्हणायचा, म्हणून आम्हीही दारजीच म्हणायला लागलो.

हात स्वस्थ बसेना म्हणून मी एका हिंदी दैनिकाकडे नमुने पाठवले आणि रविवारच्या पुरवणीत मला चार चौकटींची कॉमिक पट्टी मिळाली. विषय घरचाच. वरच्या मजल्यावर कशालाही नावं ठेवणारी भाडेकरीण, खाली घरमालक सरदारजी, आणि मध्ये त्यांच्या फुलकोबीचा वाफा, ज्यावर भाडेकरणीच्या धुण्याचं पाणी ठिबकतं. कोण कोणावरून काढलंय हे लपवायचा मी प्रयत्नही केला नव्हता.

पहिल्याच रविवारी दारजी पेपर घेऊन जिना चढून वर आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी बाईने काय केलं होतं, तर सरदारजींच्या डोक्यावर आमच्या लग्नातला फेटा बांधला होता, तुऱ्यासकट, पाठीवर शेमला सोडून. पगडी आणि फेटा यात काही फरक असतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दारजी म्हणाले, "पुत्तर, ये किसकी बारात में जा रहा है?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खालून हाक मारली. पोर्चमध्ये उभे होते, केसांवर छोटा पटका, म्हणजे रुमालाएवढं फडकं, बांधलेला, हातात सहा-सात मीटरचं ओलसर मलमलीचं कापड. त्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. पगडी बांधायच्या आधी त्या कापडाची लांब, चार बोटं रुंद घडी करावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकांना ताणून धरायचं, मग एकेक घडी दोन्हीकडून एकदमच घालत जायची. मुलगा घरी होता तोवर हे काम मुलाचं. तो दिल्लीला गेल्यापासून दारजी येईल त्याला पकडत, दूधवाल्याला, पोस्टमनला. त्या दिवसापासून मला. रोज सकाळी पावणेआठला पोर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते कापड ताणलेलं असायचं आणि आलागेला त्याखालून वाकून जायचा. घडी झाली की दारजी एक टोक दातांत धरून आरशासमोर उभे राहायचे. मी वर येऊन पोळ्या लाटायची. माझ्या सरदारजीची पगडी दोन आठवड्यांत सुधारली.

ते दर रविवारची पट्टी कापून एका जुन्या रजिस्टरमध्ये चिकटवायचे. वर मला विषयही पुरवायचे. या रविवारी मला हरवलंस, पुढच्या रविवारी मला जिंकायला हवं, असं अगदी गंभीरपणे सांगायचे.

मग दिवाळीनंतरच्या आठवड्यात पंतप्रधानांची हत्या झाली आणि दिल्लीत शिखांना घरातून ओढून काढून मारलं. दारजींच्या मुलाचा अकरा दिवस पत्ता नव्हता. त्या अकरा दिवसांत दारजी रोज पगडी बांधत होते आणि मी रोज टोक धरत होते. बाराव्या दिवशी मुलगा आला. डोक्याला मफलर गुंडाळलेला. शेजारच्या हिंदू कुटुंबाने त्याला कोळशाच्या खोलीत लपवलं होतं आणि कात्रीने त्याचे केस आणि दाढी कापली होती, म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारजींनी त्या कापलेल्या केसांवर स्वतःच्या हाताने त्याला पगडी बांधली. कापडाचं दुसरं टोक मी धरलं होतं. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

मुलगा महिनाभराने परत दिल्लीला गेला. पोट कुणाला चुकलंय. दारजींनी त्याला अडवलं नाही.

इकडे आमच्या संपादकांचा धीर सुटत चालला होता. माणूस सज्जन होता, मधुमेही, बिनसाखरेचा चहा पिणारा आणि मला मात्र आग्रहाने दोन चमचे साखर घालायला लावणारा. धमकीची पत्रं यायला लागल्यापासून त्यांच्या दाराशी दोन बंदूकवाले शिपाई बसायचे. मी दर बुधवारी कार्डशीट बगलेत मारून तिथे जायची. वाटेत नाक्यावर वाळूच्या पोत्यांमागचा जवान माझं चित्र उलगडून तपासायचा आणि खुदकन हसायचा. त्यात काहीही बदल न सुचवणारा माझा तो एकमेव वाचक.

संपादकांचे बदल सुरुवातीला किरकोळ होते. ट्रान्झिस्टर नको, कारण बेवारस ट्रान्झिस्टरचे स्फोट झाले होते. मी ट्रान्झिस्टरच्या जागी मांजर काढलं. मग बाकावर ठेवलेला डबा नको. कुकरच्या शिट्टीला 'धडाम' लिहिलं होतं, ते नको. एकदा सगळं बिऱ्हाड बसने पिंजौरच्या बागेत निघालंय असं काढलं होतं. त्याच आठवड्यात बसमधून माणसं उतरवून मारली होती. ती पट्टी आख्खीच गेली. या सगळ्यावर माझी एकच युक्ती होती. नको त्या भागावर पांढऱ्या कागदाचा तुकडा रबर सोल्युशनने चिकटवायचा आणि वर नवं चित्र काढायचं. छापताना फोटो घेतात, त्यात ठिगळ दिसत नाही. मी घरी येऊन भांडी आपटायची. नवरा म्हणायचा, तू कॉमिक काढतेस की गोधडी शिवतेस? मला हसू यायचं नाही. खरं तर त्यालाही येत नसायचं.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात एका बुधवारी संपादकांनी दोन पत्रं माझ्यासमोर ठेवली, एकाच आठवड्यात आलेली. एकात लिहिलं होतं की पगडीवाल्याला जोकर केलंत, याचा हिशेब होईल. दुसऱ्यात होतं की असल्या दिवसांत सरदाराला एवढा गोड दाखवता, हा पेपर कुणाच्या बाजूचा आहे? संपादक म्हणाले की आमच्या सेक्टरातल्या लोकांना हा सरदारजी कोण ते ठाऊक आहे, आणि उद्या गोळ्या घालायला कुणी त्या घराच्या फाटकाशी स्कूटर उभी केली तर ते मला काय तोंड दाखवणार. मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक तर हे पात्र बंद. नाहीतर माणूस तोच, कोबी तीच, भांडण तेच, फक्त दाढी आणि पगडी काढून टाकायची. "आदमी वही रहेगा," ते म्हणाले, "सिर्फ शक्ल बदल दीजिए।"

मी दुसरा रस्ता घेतला. संपादकांनी मला लाचार केलं असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले, पण त्यांनी मला निवडू दिलं होतं. मला वाटलं, मी दारजींना वाचवतेय. पात्र बंद झालं तर म्हातारा रविवारी काय चिकटवणार रजिस्टरमध्ये? दाढी काय, पगडी काय, शेवटी शाईच की. कराडच्या बामणाच्या घरात वाढलेल्या माझ्या डोक्यात तेवढंच शिरलं. केस म्हणजे आमच्याकडे न्हाव्याचं काम. संपादकांच्याच टेबलावर बसून मी आठ गोल तुकडे कापले, चारही चौकटींत डोक्यावर आणि हनुवटीवर चिकटवले, आणि एक टक्कलवाला, गुळगुळीत गालांचा म्हातारा काढून दिला. वीस मिनिटं लागली. संपादकांनी माझे तीनदा आभार मानले.

बुधवार ते रविवार मध्ये तीन सकाळी होत्या. तिन्ही सकाळी मी खाली जाऊन कापडाचं टोक धरलं. सांगायला तोंड उघडायची आणि घडी घालायची. गुरुवारी दारजींनी विचारलंही की या रविवारी मी जिंकतोय ना? मी हो म्हणाले. पट्टीत ते जिंकतच होते. मला आज स्वतःची शिसारी येत असेल तर त्या हो म्हणण्यामुळे.

रविवारी पेपर आधी माझ्या मुलीच्या हातात पडला. साडेपाच वर्षांची होती, आमचं मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. स्वयंपाकघरात येऊन तिने विचारलं, "आई, दारजी के बाल किसने काटे?"

मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती बिचारी रडायचीसुद्धा विसरली, एवढं तिला कळेना की झालं काय. मी जिन्याच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. खाली दारजी खुर्चीवर बसले होते, मांडीवर पुरवणी, बाजूच्या स्टुलावर कात्री आणि डिंकाची बाटली. बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले. मग पेपरची नीट घडी घातली, कात्री उचलली आणि आत गेले. त्या रविवारी सकाळी त्यांनी हाक मारली नव्हती हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

सोमवारी पावणेआठलाही हाक आली नाही. मी आपणहून खाली उतरले. पोर्चमध्ये कापड ताणलेलं होतं. दुसरं टोक त्यांनी खिडकीच्या गजाला बांधलं होतं आणि आपल्या टोकाने एकेक घडी घालत होते. एकट्याने घडी सरळ येत नाही, गजाजवळ गोळा होते. ते तिथपर्यंत चालत जायचे, बोटांनी सारखी करायचे, परत यायचे.

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. पत्रं, संपादक, स्कूटर, त्यांच्या जिवाची मला वाटलेली भीती. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर ते कापडाकडे बघतच बोलले. आवाज चढलेला नव्हता.

"मेरे लडके के बाल जिन्होंने काटे, उन्होंने पहले हाथ जोडे थे, पुत्तर। इजाजत मांगी थी। तू तो रोज मेरे सामने खडी थी।"

मी वर आले. रडले, मग भडकले, मग नवऱ्याशी कारण नसताना भांडले. तो म्हणाला, तू माफी माग. मागितली होती की. त्याने काय होतं, ते चित्र हजारो घरांत गेलं होतं.

बुधवारी मी पट्टीत सरदारजी पुन्हा काढून नेले, दाढीसकट, पगडीसकट, एकेक घडी जागच्या जागी. संपादकांनी कार्डशीट पाहिलं आणि माझ्याकडे सरकवलं. हे जाणार नाही, म्हणाले. टक्कलवाला हवा तर द्या, लोकांना आवडलाय. मी म्हटलं, मग कुणीच नको. त्या आठवड्यापासून पट्टीतल्या खालच्या मजल्याच्या दारावर मी कुलूप रेखाटलं. भाडेकरीण एकटीच वरून नावं ठेवत राहिली. घरमालक कुठे गेला असं विचारणारं एकही पत्र आलं नाही. पट्टी आणखी चार महिने चालली आणि मग मीच बंद केली. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसच उरला नव्हता.

दारजींनी आमच्याशी वागणं बदललं नाही, हे सगळ्यात वाईट. कोबी वर पाठवायचे. मुलीला शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायचे. संचारबंदी लागली की जिन्यातून विचारायचे, दूध आहे ना, पीठ आहे ना. रजिस्टरचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. सकाळी पावणेआठला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचं टाळायची, तरी कापड झटकल्याचा आवाज वर यायचाच.

पुढच्या वर्षी आमची बदलीची ऑर्डर आली, नागपूरची. निघायच्या दिवशी सामानाचा ट्रक सकाळीच फाटकाशी लागला. नवरा आणि मुलगी पुढे झाले. मी शेवटची पिशवी घेऊन जिना उतरले. पोर्चमध्ये दारजी होते. एक टोक गजाला, एक त्यांच्या हातात. वर्षभरात त्यांना ते एकट्याने छान जमायला लागलं होतं. घडी गजाजवळसुद्धा सरळ बसत होती.

मी पिशवी खाली ठेवली आणि गजावरची गाठ सोडायला हात पुढे केला.

"रहने दे, पुत्तर," ते म्हणाले. "अब आदत हो गई है।"

ते खरंच रागाने म्हणाले नाहीत. मी गाठीवरचा हात काढला. मग पिशवी उचलली, त्या कापडाखालून वाकले आणि फाटकाकडे गेले.