माझ्या आभारांवर मामाचं आमेन

माझी बायको सारा बँकेत नोकरीला; त्या दुपारी ती तिथूनच फोन करतेय असं मला वाटलं. ती म्हणाली, "रूबेनमामा गेला रे. मी दवाखान्यातच आहे." कधी, कसा, असं काही मी विचारलं नाही. मी विचारलं, "तू तिथे कशी?" ती म्हणाली, "आधी ये." बिबवेवाडीहून विश्रांतवाडीपर्यंत, पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडताना रिक्षात मी स्वतःला समजावत होतो, की अचानक झालं असणार, हार्टच असणार. दवाखान्यात पोचलो तर नर्स साराच्या खांद्यावर ओळखीचा हात ठेवून उभी होती. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "आपण कोण?" मी त्याचा भाचा. त्याला मूलबाळ नव्हतं, मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्याने मला मुलासारखं वाढवलं होतं. हे सगळं मला तिथे एका परक्या बाईला सांगावं लागलं.

मामा शाळेत पी.टी.चा मास्तर होता. आवाज मैदानाच्या पलीकडे जाणारा. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे ज्यू; पुण्यात आता मोजकी घरं उरलीत. धर्माचं बरंच काही आमच्याकडून सुटलं, पण मामाने आभार सोडले नाहीत. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लावायच्या आधी 'मोदे अनी' म्हणायचं: देवा, रात्री ठेवायला दिलेला जीव तू परत केलास, तुझे आभार. मग हात धुवायचे. मग पावाचे वेगळे आभार, फळाचे वेगळे, अगदी संडासातून बाहेर आल्यावरसुद्धा, शरीराची दारं वेळेवर उघडतात आणि मिटतात म्हणून. लहानपणी मी या शेवटच्या आभारांना हसायचो. मामा म्हणायचा, "हस, हस. एक दिवस अडेल ना, तेव्हा बोंबलत येशील." कसा आहेस असं कुणीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, "बारूख हाशेम." देवाची कृपा. शेजारचे देशपांडे एकदा म्हणाले, "मास्तर, आमच्याकडे याला 'ठीक आहे' म्हणतात." मामा म्हणाला, "तुमच्याकडे ठीक असतं हो. आमच्याकडे कृपा असते."

आमची मुलगी जन्मली आणि आठवड्याच्या आत गेली. त्यानंतर मी आभार बंद केले. सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, जाणंही बंद. मामाने मला एकदाही उपदेश केला नाही. तो फक्त रोज सकाळी फोन करायचा आणि विचारायचा, "आज एक काय?" म्हणजे आभार मानण्यासारखी एक गोष्ट. मी म्हणायचो, काही नाही. "बरं," म्हणून तो फोन ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं कितीतरी महिने चाललं. एका सकाळी मी चिडून म्हणालो, "नळाला पाणी आलं, झालं समाधान?" तो म्हणाला, "आमेन. बिबवेवाडीत ही मोठीच गोष्ट आहे." मी हसलो. खूप दिवसांनी हसलो होतो. तिथून हळूहळू मी परत आलो. गेली काही वर्षं तो फोन आला नाही तर मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटायचा नाही.

जायच्या आधी काही आठवडे त्याने घरी मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने मांडायचं आणि आभार मानून सगळ्यांनी खायचं. नवस फिटला, लग्न ठरलं, दुखणं बरं झालं, की आमच्याकडे मलिदा होतो. मी विचारलं, "मामा, हा कशाबद्दल?" तो म्हणाला, "पोहे आणले होते, खराब होतील म्हणून." तो खूप वाळला होता. सदरा खांद्यावरून उतरत होता. मी बोललो तसं, तर म्हणाला, "साखर बंद केलीय. तूही कर, पोट बघ स्वतःचं." सगळे हसले, मीही. मग आपापले आभार सांगायची वेळ आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मामाची तब्येत या वयातही ठणठणीत आहे, त्याबद्दल देवाचे आभार." मग मामा मैदानावरच्या आवाजात म्हणाला, "आमेन!" सारा पाणी आणते म्हणून आत गेली.

दफन झालं, सात दिवसांचं दुखवट्याचं बसणं सुरू झालं, आणि दुसऱ्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर साराने सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. मलिद्याच्या आधीच कळलं होतं, हातात काही उरलं नव्हतं. तिची बँक त्याच्या घराजवळ, म्हणून दवाखान्यात तीच न्यायची. त्याने तिच्याकडून शब्द घेतला होता. मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "तो म्हणायचा, पोरगं मोठ्या कष्टाने परत आलंय. हे कळलं तर पुन्हा बंद करेल." मी म्हणालो, "आणि तू रोज माझ्यासमोर चहा पीत बसायचीस." ती म्हणाली, "हो. बसायचे."

मला यातलं सगळ्यात काय लागलं, ते सांगतो. मामानेच मला शिकवलं होतं की आमच्याकडे वाईट बातमीसाठीसुद्धा आशीर्वचन आहे. माणूस गेल्याचं कळलं की सदऱ्याची कॉलर फाडायची आणि म्हणायचं, खरा न्याय करणारा तो धन्य असो. चांगल्यासाठी मानतोस तसंच वाईटासाठीही मान, हे त्याचं आवडतं वाक्य. मग मला वाईट बातमी का दिली नाही? मी कोसळलो असतो, देवाला शिव्या दिल्या असत्या, कदाचित सकाळचे फोनही उचलले नसते... पण ते माझं आणि देवाचं भांडण होतं. ते त्याने परस्पर मिटवून टाकलं. एक माणूस आतून संपत होता आणि त्याच्याच तोंडासमोर मी त्याच्या प्रकृतीचे आभार मानत होतो, आणि तो त्यावर आमेन म्हणाला. तो साधा गप्प बसला असता तरी चाललं असतं.

आणि तरी रात्री झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. उतरणारा सदरा मी पाहिला होता. मलिद्याचा घास तो ताटलीत नुसता फिरवत होता, तेही पाहिलं होतं. साखर बंद केल्याने माणूस इतका वाळत नाही, एवढं मलाही कळतं. मी विचारायचो, "कसा आहेस?" आणि 'बारूख हाशेम' ऐकलं की सुटायचो. मला तेवढंच ऐकायचं होतं, हे त्याला माहीत होतं. ज्या माणसाला खरं सांगता येत नाही असा माणूस मी होतो. हे त्याने आणि साराने मिळून ओळखलं आणि मला सांभाळून घेतलं. यापेक्षा त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं.

आता सिनेगॉगमध्ये मी त्याच्यासाठी कद्दीश म्हणतो. त्या प्रार्थनेत मरणाचा उल्लेखही नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाची स्तुती. मी ती पाठ म्हणतो, एकही शब्द गाळत नाही, आणि सगळा वेळ दात आवळलेले असतात. 'मोदे अनी' मात्र जमत नाही. जाग आली की मी तसाच पडून राहतो, पाय खाली टाकत नाही, त्याच्या फोनची वेळ टळून जाईपर्यंत.

परवा सकाळी सारा चहा घेऊन खाटेच्या कडेला येऊन बसली. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आज एक काय?"

मला राग आला. हा प्रश्न विचारायचा हिला काय अधिकार, असं वाटलं. मग काहीतरी सांगून टाकावं असंही वाटलं, चहा, ऊन, काहीही. ती आमेन म्हणाली असती आणि आम्ही दोघं उठून कामाला लागलो असतो. मी म्हणालो, "काही नाही, सारा. आज खरंच काही नाही."

तिने मान हलवली. आमेन म्हणाली नाही. कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बरं. उद्या विचारते."