मालूबाईंचा पत्र्याचा माग

मालूबाईंना हळू बोलता येत नाही. घराच्या भिंतीला लागूनच पॉवरलूमचा कारखाना, त्या खटक-खटकीवर आवाज चढवूनच त्यांचा सगळा संसार झाला. गुपितसुद्धा त्या असं सांगतात की बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जातं.

परवा त्या डब्याचं दूध आणायला पिशवी घेऊन निघाल्या होत्या. "सुनेचं दूध आटलं वं बाई!"

मी गल्लीतलीच नर्स. आत जाऊन त्यांच्या सुनेला, कोमलला पाहिलं. छाती ठणकत होती बिचारीची. तान्ही भूमिका तोंड लावायची, दोनदा ओढायची आणि चिडून रडायची.

"आटलं कुठं, मालूबाई? भरलंय. पान्हा फुटत नाही. कधीपासून?"

"संप सुरू झाला, माग बंद पडले, तवापासून."

कोमलनं पहिल्या दिवसापासून त्या आवाजातच पाजलेलं. शरीराला अशी सवय लागते. कुणाला बाळाच्या रडण्यानं पान्हा येतो, हिला मागाच्या आवाजानं. त्यात पोर उपाशी राहील ही धास्ती, म्हणून आणखीच अडलेला. "डबा नका आणू," मी म्हटलं. "बाळ ओढेल तेवढंच दूध तयार होतं. डब्यानं पोट भरलं तर ओढणार कोण?"

"म्हणजे हिला माग पाहिजे!" मालूबाईंनी पिशवी खुंटीला टांगली, पिठाचा रिकामा डबा पालथा घातला आणि लाटणं हाणलं. खटक-खटक, खटक-खटक. कोमलला हसू फुटलं आणि पाठोपाठ पान्हाही. भूमिका घटाघटा प्यायला लागली.

तेवढ्यात दारात संपवाला श्रीकांत, मागे तिघं. "मावशी, संपात माग कोण चालवून राहिलं?"

"मी!"

"बंद करा, एकदम!"

त्यांनी हात थांबवला. साडीच्या पडद्याआड भूमिकानं टाहो फोडला. मालूबाईंनी सगळं सांगितलं, म्हणजे गल्लीनंही पुन्हा ऐकलं.

चौघांची ओट्यावरच गंभीर बैठक बसली. शेवटी श्रीकांतनं निकाल दिला, "कापड निघत असेल तर संप मोडला. दूध निघत असेल तर नाही."

मालूबाईंचा हात भरून आला होता. श्रीकांतनं स्वतः लाटणं घेतलं, पण ठेका चुकत होता.

पडद्याआडून कोमल म्हणाली, "भाऊ, तुमचा माग अडकून राहिला."

तिघं हसले. मग एकानं परात ओढली, एकानं घमेलं, एकानं नुसता पाट. आता बरोबर जमलं. पलीकडच्या गल्लीतून संपातलाच गिरधर धावत आला. "अरे, इथं तर पूर्ण कारखाना चालू!"

"गप! पोरगी पिऊन राहिली," चौघं एकदम ओरडले.

थोड्या वेळानं कोमलनं पडद्यातून हात काढून खूण केली. पोट भरून झोपली होती भूमिका. पण आता आवाज थांबला तर उठणार.

मालूबाई आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजल्या, "थांबू नका."

त्या खटक-खटकीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पण थांबलं कुणीच नाही.