निजवलेली सरस्वती

झेंडूचा वास आला ना, की कोपरीच्या शाळेतला दुसरीचा वर्ग आठवतो. मी तिथं मावशी होते, झाडलोट करायची आणि शाळा सुटली की सगळं बंद करायचं. त्या वर्षी फळा जाऊन बोटानं लिहायचा मोठा बोर्ड आलेला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाईंनी पाटीपूजनही त्यावरच केलं. एकेका पोरानं बोटानं एकेक एकडा ओढला आणि त्या एकड्यांची पिवळीधमक सरस्वती उभी राहिली. पूजा झाली, फुटाणे वाटले, पोरं पळाली. मी बटणाकडे हात नेला तर एक चिमुरडी दप्तरासकट आडवी आली. "मावशी, बंद नका ना करू! पूजेची सरस्वती पुसायची नसते, आजी म्हणते." बाई हसून म्हणाल्या, "अगं, सेव्ह केलीय मी. राहील आत." "अंधारात? एकटीच?" पोरीचे ओठ थरथरायला लागले. मग मी तिला कडेवर घेतलं. म्हटलं, "बाळा, देवालासुद्धा रात्री निजवतातच की. चल, तूच निजव." तिनं हलकेच थोपटलं. बोर्डाला थोपटणं काय कळणार, त्याला वाटलं लिहितेय! सरस्वतीच्या पायाशी इवल्या बोटांचे पिवळे ठिपके उमटले. बाईंनी तेही सेव्ह केले आणि पोरीनं स्वतः बटण दाबलं. दसऱ्यानंतर शाळा उघडली तेव्हा ती आपट्याचं पान घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. बोर्ड लागला, सरस्वती ठिपक्यांसकट समोर. "मावशी, उठली!" म्हणून माझ्या कमरेला मिठी मारलीन. आता मी घरीच असते, पण रात्री दिवा बंद करताना भिंतीला एकदा थोपटते. सून हसते. हसू दे.