फुलीचं बटण डावीकडे

माझी रोशनी नऊ वर्षांची असताना संक्रांतीच्या दिवसांत नायलॉनच्या मांजाने तिचा उजवा डोळा गेला. एका डोळ्याने सगळं दिसतं, असं लोक मला समजावतात. दिसतं, पण उजवीकडचं पाहायला मान वळवावी लागते. स्वतःचं नाकच आड येतं. ती हे कधी कोणाला सांगत नाही. रस्त्याने चालताना मला आपल्या उजव्या बाजूला ठेवते, तेवढंच.

बी.कॉम. झाल्यावर तिला मिहानमधल्या एका कंपनीत काम मिळालं. दवाखान्यांची बिलं स्क्रीनवर तपासायची. तिथल्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची प्रणाली आहे. स्क्रीनवरची खिडकी बंद करायची फुली, लहान करायची रेघ, सगळं उजव्या कोपऱ्यात. जितकी बिलं, तितक्यांदा मान उजवीकडे. घरी आली की गरम पाण्याची पिशवी मानेला लावून बसायची. मग तिने सेटिंग्ज शोधल्या. बटणं डावीकडे नेली. खालची आडवी पट्टी डाव्या कडेला उभी केली आणि काम नसताना आपोआप लपेल अशी ठेवली. बिलाच्या चार ओळी जास्त दिसू लागल्या. मानेचं दुखणं थांबलं, वेग वाढला.

यात कोणाचं काय गेलं? पण त्या ऑफिसात दोन पाळ्यांना एका मशीनवर एकच लॉगिन. एकीने केलेला बदल दुसरीलाही दिसतो. वेगवेगळी लॉगिन द्यायची तर त्यांचे सुपरवायझर ऋषिकेश सर म्हणतात, "तुम्ही पासवर्ड विसरता अन् ताप माझ्या डोक्याले."

एक दिवस हेच सर पाहुण्यांना काम दाखवायला रोशनीच्या जागी बसले. फाइल उघडली, पण बंद करता येईना. उजव्या कोपऱ्यात माउस फिरवत राहिले. पाहुणे गेल्यावर भडकले.

"हे कोणी केलं?"

"मी, सर. मले उजवीकडचं..."

"घर आहे का हे तुझं? सगळ्यांचं एक, अन् तुझंच वेगळं काहून?"

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळं होतं तसं केलं आणि सेटिंग्ज बंद करून टाकल्या. मान पुन्हा धरली, वेग घसरला. महिन्याभराने वर सरांनी हे ऐकवलं, की असाच वेग राहिला तर कायम करता येणार नाही, हवं तर स्कॅनिंगच्या खोलीत बस. म्हणजे दिवसभर मशीनमध्ये कागद सारायचे! आधी पाय बांधायचे आणि मग हळू चालते म्हणून बोलायचं, ही कुठली रीत?

"उद्या मीच येते तुझ्या सराकडं," मी म्हटलं.

"नको वं आई. तू माझ्या जन्मापासून सांगत बसशील."

"मंग तू सांग. चूप काहून बसून राहिली?"

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. टेबलासमोर उभी राहून डोळा, मान, फुली, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा. सर म्हणाले, "तुझं ठीक आहे, पण बाकीच्यांना त्रास होतो ना. दुपारून कामिनी बसते त्या मशीनवर."

कामिनी तेव्हाच पाळीवर आली होती. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. "मले कायचा त्रास, सर? मले त् डावीकडची आदत झाली होती. तुम्ही बदललं तवापासून मीच चुकून राहिली. फुली त् तुम्हालेच सापडली नव्हती!"

पोरी हसल्या. सर म्हणाले, "बरं, तात्पुरतं करून देतो."

तात्पुरतं! माझ्या मुलीचा डोळा काय तात्पुरता गेला आहे? आणि कामिनीला सवय झालेली नसती तर? उद्या तिच्या जागी दुसरी आली तर?

रोशनीलाही तेच वाटलं असावं. तिने स्वतःच्या नावाचं लॉगिन मागितलं. सर म्हणाले, पाहू. ती म्हणाली, "पाहा सर, मी थांबते." आणि उभी राहिली. शेवटी दिलं. टेबलावरचा चहा निवायच्या आत झालं ते काम. एवढ्याशा कामासाठी माझी मुलगी महिनाभर मान धरून बसली होती.

तिला कायम करायचं की नाही, ते सोमवारी ठरणार आहे. गेल्या महिन्याचा घसरलेला वेग तिच्या माथी मारला, तर मात्र तिने कितीही नको म्हटलं तरी मी मिहानला जाणार. आणि हो, तिच्या जन्मापासून सांगणार.